हेराच्या सवतीचं लाकूड

"ओनासिमोसच्या उंबऱ्याला माझा पाय लागणार नाही," सामिखोस म्हणाला. "मिर्तो स्वतःच्या पायांनी येईल, गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेऊन येईल आणि दारात उभी राहून विचारेल, आत येऊ का. मी लगेच हो म्हणणार नाही. थोडा वेळ घेईन."

हे तो प्लातैयाच्या बाजारात, बिऑन न्हाव्याच्या बाकड्यावर, अर्धी दाढी कातरून झालेली असताना म्हणाला. मिर्तो म्हणजे त्याची बायको. ओनासिमोस तिचा भाऊ. ती रुसून त्याच्याकडे, पलीकडच्या हिसियाई गावाला जाऊन बसली होती.

"किती दिवस झाले?" बिऑननं विचारलं.

"चाळीस."

"आणि हा पाय?"

"कुठला पाय?"

"लंगडतोयस तो. शिवाय उजव्या पायात जुनी चप्पल आणि डाव्या पायात नवी."

"छतावरून पडलो. कावळ्याचा सराव चालला होता. पडताना चप्पल गेली कुठंतरी."

"छतावरून चप्पल जाऊन जाऊन जाते कुठं?"

"तू दाढी कर."

बिऑननं दाढी केली, पण गालातल्या गालात हसत केली, त्यामुळे ती एका बाजूला जरा जास्त उतरली.

आता कावळ्याचा सराव ही काय भानगड, तर सामिखोसच्या घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या तेच काम होतं. त्याला कारण झ्यूस.

फार पूर्वी हेरा नवऱ्यावर रुसली आणि युबीया बेटावर जाऊन बसली. का रुसली ते कुणी विचारत नाही. झ्यूसच्या बाबतीत विचारावं लागत नाही. वीज त्याच्या मुठीत, ढग त्याच्या हुकुमात, सगळे देव त्याच्यासमोर माना खाली घालून उभे, पण बायको काही घरी येईना. शेवटी प्लातैयाच्या एका शहाण्या राजानं, कितैरोन त्याचं नाव, डोंगराला अजून तेच आहे, त्याला युक्ती सांगितली. ओकचं एक लाकूड घे. त्याला नवरीसारखं नटव, तोंडावर पदर ओढ, बैलगाडीत बसव आणि दवंडी दे, की मी असोपोस नदीच्या लेकीशी लग्न करतोय. दवंडी युबीयाला पोचायच्या आत हेरा कितैरोनला पोचली. गाडीवर चढली, सवतीचा पदर टरकन फाडला, आणि आत बघते तर लाकूड. ती इतकी हसली, इतकी हसली, की राग कुठल्या कुठे गेला. तरी घरी जाता जाता ते लाकूड जाळायला लावलंच. बाई हसली म्हणून विसरते असं नाही.

तेव्हापासून प्लातैयाची माणसं काही वर्षांनी ती नवरी पुन्हा करतात. तिला नदीवर न्हाऊ घालतात, गाडीत बसवतात, शेजारी करवली उभी करतात, डोंगरावर नेतात आणि हेराच्या नावानं जाळतात. मग झ्यूसचा बैल आणि हेराची गाय कापून तीन दिवस जेवतात. अथेन्सचे लोक त्यांना डुकरं म्हणतात ते ह्याच तीन दिवसांमुळं.

पण लाकूड कुठलं घ्यायचं ते माणसानं ठरवायचं नाही, असा नियम आहे. देवराईत उकडलेल्या मांसाचे तुकडे मांडायचे. जो डोमकावळा पहिला तुकडा उचलेल, तो ज्या ओकवर जाऊन बसेल, तो ओक. कावळा उडाल्यापासून बसेपर्यंत त्याच्यावरची नजर खाली घ्यायची नाही आणि तो बसला की लाकडाला पहिला हात लावायचा, हे सामिखोसच्या घराण्याचं काम. त्याचे वडील एकदा असेच वर बघत चालत कड्यावरून गेले. लोक उतरून बघतात तर तीन फासळ्या मोडलेल्या, पण बोट अजून वरच, आणि बरोबर ओककडे.

सामिखोसला हे असलं चालणं मंजूर नव्हतं. त्यानं दोन वर्षं खपून एक कावळा शिकवला. त्याचं नाव त्यानं सेनापती ठेवलं. रोज सकाळी अंगणात मांसाचा तुकडा मांडायचा, छतावर चढायचं आणि हुकूम सोडायचे: डावीकडे, उजवीकडे, बस. सेनापती तुकडा खायचा आणि त्याला वाटेल तिकडे जायचा. सामिखोस मग तीच दिशा मोठ्यानं सांगायचा.

हे सगळं मिर्तोनं दोन वर्षं सहन केलं. मग एक दिवस तिच्या भावासाठी ठेवलेला मेंढीचा अख्खा फरा सामिखोसनं सरावात संपवला. ओनासिमोस जेवायला आला तेव्हा पानात उकडलेले सलगम होते. वर सामिखोस त्याला म्हणाला, की तुझी बहीण जरा विसराळू आहे, मटण आणायचंच विसरली. मिर्तोनं भावाबरोबर सलगम खाल्ले आणि भावाबरोबरच निघून गेली.

जाताना एवढंच म्हणाली, "न्यायला आलास तर चारचौघांत खरं सांगायची तयारी करून ये."

तेव्हापासून सामिखोस आजोबांच्या वेळच्या भल्यामोठ्या पलंगावर एकटा आडवातिडवा झोपत होता आणि फार ऐसपैस वाटतं म्हणून गावभर सांगत होता.

उत्सवाच्या दिवशी सकाळी सगळं गाव देवराईत जमलं. म्हातारा पुजारी थेरोन याला कानानं कमी ऐकू यायचं, पण नियम मात्र सगळे ऐकू यायचे. त्यानं मांसाचे तुकडे मोजून मांडले. सामिखोस पुढं येऊन उभा राहिला.

"मधला तो मोठा ओक बघून ठेवा," तो लोकांना म्हणाला. "सेनापती येईल, तुकडा घेईल आणि त्याच्यावर बसेल. तीस पावलंसुद्धा चालायला लागणार नाहीत. मी तर चपलेचे बंदही बांधलेले नाहीत."

सेनापती आला. सगळ्यांत मोठा तुकडा त्यानं चोचीत घेतला. मधल्या ओकवरून गेला, पण त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि थेट पूर्वेकडे निघाला.

"डावीकडे," सामिखोस ओरडला. "डावीकडे. अरे डावीकडे."

"मधला ओक इकडे राहिला," थेरोन म्हणाला.

"लांबून वळतोय तो."

नजर वर ठेवून सामिखोस धावत सुटला. मागून थेरोन, मागून पंच, मागून सुतार, मागून बैल आणि गाय, कारण त्यांना सोडून कुठं जायचं, आणि मागून सगळं गाव. शेंगांचं शेत गेलं. द्राक्षाचा मळा गेला. पुढं एका कुंभारानं माठ वाळत घातले होते. पहिल्याच माठात सामिखोसचा पाय गेला आणि पुढचा प्रवास त्या पायानं माठासकट केला. बिऑन शेजारून पळत त्याला रस्ता सांगत होता.

"खड्डा आहे."

"कुठं?"

"आता मागं गेला. तू त्यातूनच आलास."

"कुठं चाललोय आपण?"

"तू कावळा बघ. रस्त्याचं मी बघतो. आता गल्ली आहे. आता वळ. आता उंबरा आहे, पाय उचल."

"कुणाचा उंबरा?"

"लाकडाचाच दिसतोय. उचल पाय."

सामिखोसनं पाय उचलला. कुठलं तरी अंगण असावं, कारण कोंबड्या ओरडल्या. एक कुत्रा आला. भुंकला नाही, ओळखीचं माणूस असल्यासारखा त्याच्या डाव्या घोट्याचा वास घेत राहिला. वर सेनापतीनं एक घिरटी घेतली, पंख मिटले आणि बसला. सामिखोसनं हात लांब करून, तो बसला होता त्या लाकडावर पंजा ठेवला.

"धरला," तो म्हणाला. मग त्यानं नजर खाली घेतली.

लाकूड म्हणजे उभा माग होता. मागाच्या आडव्या तुळईवर सेनापती बसला होता. मागासमोर मिर्तो बसली होती, आणि दारात ओनासिमोस कमरेवर हात ठेवून उभा होता.

"या दाजी," ओनासिमोस म्हणाला. "पाय पुसून यायची पद्धत आहे आमच्याकडे. तुम्ही तर माठ घालून आलात."

मिर्तोनं धोटा खाली ठेवला. तिनं नवऱ्याकडे बघितलं, मग कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या अख्ख्या गावाकडे, बैलाकडे आणि गायीकडे.

"आलास?" ती म्हणाली. आवाज जरा मऊ होता.

आणि सामिखोसला ह्या वेळी खरं बोलायची बुद्धी झाली. "मी कावळ्यामागं आलो."

मिर्तोनं शेजारच्या टोपलीतून जवाच्या भाकरीचा एक तुकडा मोडून हातात घेतला.

"झ्यूसनं निदान बाहुली तरी आणली होती," मिर्तो म्हणाली. "तू कावळा घेऊन आलास."

तेवढ्यात सेनापती तुळईवरून खाली उतरला, चोचीतला मांसाचा तुकडा त्यानं तिच्या मांडीवर ठेवला, आणि तिच्या हातातला भाकरीचा तुकडा घेऊन पुन्हा वर जाऊन बसला.

"आज उशीर केलास काळू," मिर्तो त्याला म्हणाली.

"काळू?" सामिखोस म्हणाला. "सेनापती नाव आहे त्याचं."

"तू ठेवलंस. तो कुठं ऐकतो? तू छतावरून ओरडायचास, तो घाबरून माझ्यापाशी येऊन बसायचा. दोन वर्षं भाकरी मी घातली. आता चाळीस दिवस इथं येतो, जेवायच्या वेळेला."

कुंपणापलीकडे कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणजे जवळजवळ सगळेच.

"ह्या जातीचं असंच," थेरोन म्हणाला. "मूळचा पांढराशुभ्र पक्षी. अपोलोकडं घरातली चहाडी घेऊन गेला, त्यानं रागानं काळा केला. रंग बदलला, खोड गेली नाही. बरं, सुतार, कुऱ्हाड आण."

"कशाला?" ओनासिमोस म्हणाला.

"कावळा बसला. हात लागला. लाकूड ओकचं आहे ना?"

"अहो बाबा, माग आहे तो. माझ्या आईचा. त्याला मुळं नाहीत."

"नियमात ओक म्हटलंय," थेरोन म्हणाला. "मुळांचं काही म्हटलेलं नाही."

पंचांनी विचार केला. बैल आणि गाय एवढ्या लांब आले होते, आणि उन्हं चढत होती. सगळ्यांनी माना डोलावल्या, की मुळांचं खरंच कुठं म्हटलेलं नाही.

"थांबा," मिर्तो म्हणाली. "माग मी देते. हेराच्या कामाला नाही म्हणणारी मी कोण? पण नवरीजवळ करवली म्हणून मी उभी राहणार. आणि परवा नदीवर, सगळ्या गावासमोर, हा फऱ्याचं खरं सांगणार. नुसतं नाही. आभाळाकडे हात करून, झ्यूसच्या आणि हेराच्या शपथेवर. अर्धं नाही, सगळं."

"आणि नाही सांगितलं तर?" सामिखोसनं विचारलं.

"तर गाडी परत येताना मी हिसियाईच्या फाट्यावर उतरेन. पुन्हा न्यायला यायचे कष्ट घेऊ नकोस. कावळ्यालाही सांग."

सुतारानं कुऱ्हाड काढली. मागावरचं अर्धवट विणलेलं पांघरूण आधी उतरवायला हवं होतं. मिर्तोनं एक टोक धरलं, सामिखोसनं दुसरं, आणि पांघरूण धरून मागं सरता सरता तो अंगणाच्या पार कडेला गेला.

"एकटीसाठी जरा रुंद आहे," तो हळूच म्हणाला.

"मोजायला चुकले," मिर्तो म्हणाली, आणि पांघरूण त्याच्या हातातून ओढून घेतलं.

दोन दिवसांत सुतारानं मागाच्या खांबातून नवरी काढली. खांब तो केवढा. नवरी मनगटाएवढी झाली. नाक काढलं तर कपाळाला जागा उरली नाही. बायकांनी तिला लोकर गुंडाळली, वरून लुगडं नेसवलं, पदर ओढला, तेव्हा कुठं ती चार दिवस उपाशी असलेल्या मुलीइतकी भरली.

"हेराला हिचा मत्सर वाटायचा नाही," बिऑन म्हणाला. "दया येईल."

तिसऱ्या दिवशी सगळं गाव असोपोसच्या काठावर. बासऱ्या वाजत होत्या, गाडीला फुलं बांधली होती, बैलाच्या शिंगांना सोनेरी वर्ख लावला होता आणि तो वर्ख गाय चाटत होती. न्हाऊ घालायचं म्हणून नवरीची लोकर उतरवली. लाकूड पाण्यात निसटू नये म्हणून मिर्तोनं डोकं धरलं आणि पाय धरायला सामिखोसला पाण्यात उतरवलं. दोघं कमरेइतक्या पाण्यात, मधे नवरी आडवी.

"बोल," मिर्तो म्हणाली.

सामिखोसनं काठाकडे बघितलं. सगळं गाव होतं. हिसियाई होतं. ओनासिमोस कुत्र्यासकट पुढच्या रांगेत बसला होता. सामिखोसच्या घराण्यानं आजवर नजर वर ठेवली होती. खाली बघायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदा आली होती. नाही सांगितलं तर पलंग ऐसपैस राहणार होता, जन्मभर.

"फरा तिनं आणला होता," तो म्हणाला.

"मोठ्यानं," थेरोन म्हणाला. त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं.

"फरा मिर्तोनं आणला होता. मी कावळ्याला घातला आणि नाव तिच्या विसरण्याचं केलं. कावळाही मी शिकवलेला नाही. तो तिच्या भाकरीवर वाढला. माझं त्यानं एकदाही ऐकलेलं नाही."

"झालं?" मिर्तोनं विचारलं.

"नाही." सामिखोसनं घसा खाकरला. "मी छतावरून पडलो नाही. मी हिसियाईला गेलो होतो. तुझ्या दारापर्यंत. तीनदा. दोनदा दार वाजवायचं धैर्य झालं नाही आणि तिसऱ्यांदा कुत्रा आला. चप्पल त्याच्याकडे आहे."

काठावर बिऑन खाली बसला. हसू त्याला उभ्यानं पेलेना.

"माझ्याकडे आहे," मिर्तो म्हणाली. "त्याच्या तोंडातून सोडवून उशाशी ठेवलीय. कधी मागायला येतोस म्हणून वाट बघत होते."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"प्लातैयात अशी वाकडी टाच घासणारा दुसरा कोण आहे? शपथ राहिली."

शपथ घ्यायची तर दोन्ही हात आभाळाकडे उचलायला लागतात, तळवे वर करून. देवांना रिकामे हात दिसायला हवेत. सामिखोसनं दोन्ही हात उचलले. "झ्यूसची शपथ आणि हेराची शपथ," तो म्हणाला, "पलंग अजिबात ऐसपैस वाटत नाही." मिर्तोनं हसू दाबायला दोन्ही हात तोंडावर नेले. ते दबलं नाही. ती अशी हसली की काठावरच्या बायका हसायला लागल्या, मग पुरुष, मग ओनासिमोस, आणि शेवटी थेरोनही हसला, त्याला काय झालं ते माहीत नसताना. बासरीवाल्यांनी आपणहून लग्नाची चाल धरली. सामिखोसनं मिर्तोचा हात धरला आणि दोघं पाण्यातच उभी राहिली. कुणीतरी त्यांच्यावर फुलं टाकली, गाडीवरची.

हे बराच वेळ चाललं. मग सुतार म्हणाला, "नवरी कुणाकडे आहे?"

सामिखोसनं मिर्तोकडे बघितलं. मिर्तोनं सामिखोसकडे बघितलं. खाली, वळणाजवळ, मनगटाएवढं एक लाकूड फार सुखानं तरंगत चाललं होतं.

"गेली बापाकडे," थेरोन म्हणाला. असोपोस तिचा बाप, हे तर गोष्टीतच आहे.

चार पोरं काठाकाठानं पळाली, पण नदीनं लेकीला परत धाडलं नाही. पंच बसले. नवरी माहेरी गेली तर काय करायचं ह्याबद्दल नियमात काही नव्हतं. शेवटी असं ठरलं की उद्या सकाळी पुन्हा मांस मांडायचं आणि पुन्हा कावळा बघायचा. बैल आणि गायीनं आणखी एक दिवस गवत खाल्लं.

मिर्तो हिसियाईच्या फाट्यावर उतरली नाही. ती गाठोडं आणि चप्पल घेऊन सरळ घरी आली. गाठोडं सामिखोसच्या डोक्यावर होतं. दारात तीच थांबली आणि आत डोकावून म्हणाली, "आत येऊ का, की आधी झाडायचं?"

"आधी झाडूया," सामिखोस म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो देवराईत गेला. ह्या वेळी त्यानं काही सांगितलं नाही. चपलेचे बंद घट्ट बांधले आणि दोन्ही चपला जोडीतल्या होत्या. काळू आला, त्यानं सगळ्यांत मोठा तुकडा उचलला आणि गावाकडे निघाला. सामिखोस नजर वर ठेवून मागं, थेरोन मागं, सुतार मागं, बैल, गाय आणि गाव मागं. बाजार गेला. बिऑनचं बाकडं गेलं. त्याला अडखळून सामिखोस पडला, पण बोट वर ठेवून उठला. मग एक ओळखीचं अंगण आलं. काळू उतरला. सामिखोसनं हात लांब करून लाकडावर ठेवला आणि नजर खाली घेतली.

चाळीस दिवसांत ढेकूण झाले होते म्हणून मिर्तोनं सकाळीच शेजारणीला हाताशी घेऊन आजोबांच्या वेळचा पलंग अंगणात उन्हाला काढला होता. ती त्याच्या काठावर बसून काळूसाठी भाकरी मोडत होती.

थेरोननं वाकून लाकूड बघितलं. नखानं खरवडून बघितलं. मग सुताराकडे वळला.

पलंग ओकचा होता.